बाल्कनीतला आकाशकंदील आणि इमारतीची नियमावली: मॉन्ट्रियलहून एक प्रश्न

मॉन्ट्रियलकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही मॉन्ट्रियलमध्ये ४२ घरांच्या एका सहमालकीच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. घर आमच्या मालकीचे आहे, बाल्कनी मात्र तशी नाही. सहमालकीच्या घोषणापत्राप्रमाणे (म्हणजे इमारतीतले हक्क आणि नियम ठरवणाऱ्या दस्ताप्रमाणे) ती इमारतीच्या सामायिक भागात मोडते आणि तिच्या वापराचा हक्क तेवढा एकट्या आमच्याकडे आहे. घर घेताना नोटरींनी हे कलम वाचून दाखवले होते आणि आम्ही मान डोलावून सही केली होती, हे आधीच कबूल करते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या संध्याकाळी आम्ही बाल्कनीच्या छताला आकाशकंदील लावला. ते छत म्हणजे वरच्या घराच्या बाल्कनीचा तळ. तिथे आधीच्या मालकांच्या काळापासून एक हूक होता, त्यालाच तो टांगला. कंदील माझ्या मुलीने आणि तिच्या आजीने घरी केला होता. कामट्या मिळेनात म्हणून चायनाटाऊनमधून कबाबाच्या बांबूच्या काड्या आणल्या, त्यांवर पतंगाचा कागद चिकटवला आणि आत एलईडीचा छोटा दिवा सोडला. लक्ष्मीपूजनाला कठड्याशी चार पणत्याही मांडल्या होत्या, पण इथल्या वाऱ्यात त्या पाच मिनिटेसुद्धा तगल्या नाहीत. तुळशीची कुंडी उन्हाळाभर बाल्कनीत असते आणि थंडीच्या चाहुलीने सप्टेंबरमध्येच आत येते, त्यामुळे तुळशीचे लग्न दिवाणखान्यातच लागते. तिच्याबद्दल अजून कोणाची तक्रार नाही.

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी संचालक मंडळाचे पत्र आले. बाल्कनीत काहीही टांगण्यास, सजावट करण्यास अथवा बांधकाम करण्यास मनाई आहे, तरी दहा दिवसांत काढून टाकावे आणि पुन्हा असे घडल्यास घोषणापत्रातील तरतुदीनुसार दंड आकारला जाईल, एवढाच मजकूर. नियम खरोखरच तसा आहे. तथापि याच मंडळाच्या सूचनेनुसार १ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात कठड्यांवर पांढऱ्या दिव्यांच्या माळा लावण्यास मुभा असते आणि निम्म्या इमारतीवर त्या लागतात. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अत्यंत सज्जन आहेत. लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, ‘तुमचा दिवा मला आवडला, पण उद्या कोणी झेंडा लावला तर त्याला आम्ही काय सांगायचे?’ मला उत्तर सुचले नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. धर्मस्वातंत्र्याचा हक्क सरकारपुरताच असतो, की शेजाऱ्यांच्या संस्थेपुढेही तो मांडता येतो? सही करून तो हक्क आम्ही सोडून दिला, असे होते का? आणि तिसरा प्रश्न घरातलाच आहे. आकाशकंदील ही धार्मिक गोष्ट आहे की नुसती शोभा? माझे यजमान म्हणतात शोभा. सासूबाई म्हणतात की तो पितरांसाठी लावलेला दिवा आहे आणि तो बाहेर, उघड्या आकाशाखालीच हवा.

दस्तऐवजवाला

मी याच शहरात एका नोटरी कार्यालयात अनेक वर्षे घोषणापत्रांचे मसुदे हाताळत आहे. वकील नाही, त्यामुळे पुढील मजकूर सल्ला न मानता माहिती मानावी. दंडाची नोटीस प्रत्यक्ष आलीच, तर वकिलांकडे जावे.

तुमच्या प्रश्नाचा निकाल जवळजवळ तुमच्याच दारात लागलेला आहे. माँ-रॉयल टेकडीच्या परिसरातील एका महागड्या गृहसंकुलात १९९६ च्या शरद ऋतूत अॅम्सेलेम नावाच्या ज्यू सहमालकांनी आपल्या बाल्कनीत ‘सुक्का’ उभारला. सुक्का म्हणजे आपल्या भाषेत मांडवच. फांद्या-पानांचे छप्पर घातलेली तात्पुरती खोपी, जिच्यात सुक्कोत या सणाच्या दिवसांत जेवावे, बसावे आणि जमल्यास निजावे, अशी ती परंपरा आहे. संस्थेने तो काढायला सांगितला. पुढच्या वर्षी त्यांनी रीतसर परवानगी मागितली, ती नाकारली गेली आणि त्याऐवजी बागेत सर्वांसाठी एकच सामायिक सुक्का उभारण्याचा प्रस्ताव आला. तो त्यांना आणि त्यांच्यासारख्याच इतर काही ज्यू कुटुंबांना मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या श्रद्धेप्रमाणे सुक्का आपल्याच घराचा हवा आणि सणभर बागेपर्यंत ये-जा करत तो पाळणे अतिशय कष्टाचे होईल. संस्था मनाईहुकमासाठी न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने १९९८ मध्ये आणि अपील न्यायालयाने २००२ मध्ये संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २००४ रोजी ५ विरुद्ध ४ अशा बहुमताने तो फिरवला. ‘सँदिका (म्हणजे सहमालकांची संस्था) नॉर्थक्रेस्ट विरुद्ध अॅम्सेलेम’ या नावाने तो निकाल ओळखला जातो.

आता तुमचा पहिला प्रश्न. कॅनडाच्या राज्यघटनेतील हक्कांची सनद सरकारला बांधते, शेजाऱ्याला नाही. क्वेबेक प्रांताची १९७५ साली संमत झालेली मानवी हक्कांची सनद मात्र खासगी व्यक्तींच्या आपापसांतील व्यवहारांनाही लागू आहे. तिच्या कलम ३ मध्ये धर्मस्वातंत्र्य आहे, कलम ६ मध्ये आपल्या मालमत्तेचा शांतपणे उपभोग घेण्याचा हक्क आहे आणि कलम ९.१ सांगते की असे हक्क बजावताना इतरांच्या हिताचेही भान ठेवले पाहिजे. ही तीनही कलमे त्या खटल्यात एकमेकांसमोर उभी राहिली होती. त्यामुळे ‘आम्ही सरकार नाही, आम्हाला हे लागू नाही’ असे तुमच्या मंडळाला म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न सहीचा. त्या कुटुंबांनीही घोषणापत्र स्वीकारूनच घरे घेतली होती. बहुमताने सांगितले, की एवढ्या मूलभूत हक्कावर पाणी सोडले असे म्हणायचे, तर ते स्वेच्छेने, स्पष्ट शब्दांत आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून सोडलेले असले पाहिजे. ‘सजावट अथवा बांधकाम करू नये’ अशा सर्वसाधारण कलमाखालच्या सहीने तसे होत नाही. याच्या जोडीला क्वेबेकच्या नागरी संहितेचे कलम १०५६ पाहा. इमारतीचे प्रयोजन, तिची वैशिष्ट्ये किंवा तिचे स्थान यांमुळे समर्थनीय ठरेल तेवढेच बंधन घोषणापत्राला सहमालकांच्या हक्कांवर घालता येते. आणि कलम १०६३ उलट बाजूने बजावते, की सहमालकाने आपला भाग आणि सामायिक भाग मोकळेपणाने वापरावा, पण नियम पाळून आणि इतरांच्या हक्कांना बाधा न आणता. आमच्या कार्यालयात दर महिन्याला कोणी ना कोणी १०५६ तोंडपाठ करून येतो. १०६३ वाचून आलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि निकालाचे खरे महत्त्वही तिथेच आहे. खालच्या न्यायालयाने दोन धर्मपंडितांच्या साक्षी घेऊन ‘धर्मात असे बंधन आहे का’ हे तपासले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ती वाटच बंद केली. न्यायमूर्ती याकोबुची यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा, की धर्मशास्त्र काय सांगते हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हे. त्या आचाराचा धर्माशी संबंध आहे का आणि तो करणाऱ्याची त्यावर प्रामाणिक श्रद्धा आहे का, एवढेच पाहायचे. आचार सक्तीचा असावा लागत नाही, सर्व धर्मबांधवांनी तो पाळावा असेही नाही. मात्र श्रद्धा सिद्ध झाली म्हणजे काम संपले असेही नाही. तिच्या आड येणारा अडथळा क्षुल्लक नसून खरोखरीचा आहे हे दाखवावे लागते आणि मग इतरांच्या हक्कांशी तो ताडून पाहिला जातो.

म्हणून सासूबाई आणि यजमान यांच्यातील मतभेद हा तुमच्या बाजूचा कच्चा दुवा आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. मंडळापुढे ‘आमची परंपरा’, ‘आमची संस्कृती’ असे गोल शब्द वापरू नका. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, आपल्या शब्दांत तो दिवा काय आहे ते सांगावे. यजमानांनी उगाच नसलेली श्रद्धा दाखवू नये. अशा प्रकरणांत प्रामाणिकपणाचीच परीक्षा असते.

एक गोष्ट मात्र विसरू नये. त्या कुटुंबांनी आपणहून हमी दिली होती, की सुक्का दारे आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट अडवणार नाही, सुरक्षिततेला धोका होणार नाही आणि शक्य तितका तो इमारतीच्या रूपाशी मिळताजुळता असेल. वर्षातून साधारण नऊ दिवसांचा प्रश्न होता आणि घरांच्या किमती त्यामुळे घसरतील याला पुरावा नव्हता. या हमीशिवाय निकाल असाच लागला असता का, याची मला शंका आहे.

माजी सेक्रेटरी, कोथरूड

मी पुण्यात ९६ सदनिकांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा सात वर्षे मानद सचिव होतो. वरील उत्तर वाचताना सारखे वाटत होते, की हाच प्रश्न आमच्याकडे आरशात पाहावा तसा उलटा दिसतो. तिथे काही अल्पसंख्याक कुटुंबे स्वतःच्या बाल्कनीत नऊ दिवसांची जागा मागत होती. आमच्याकडे बहुसंख्य सभासद सर्वांच्या जागेत कायमची जागा घेतात आणि ती मागतही नाहीत.

हे कसे घडते ते सांगतो. आमच्या बी विंगच्या जिन्यात लोक पान खाऊन कोपऱ्यात थुंकत. वैतागून एका समितीने तिथे देवादिकांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या आणि सर्वधर्मसमभाव म्हणून एका फरशीवर क्रूस, एका फरशीवर मक्केचे चित्र लावले. थुंकणे थांबले, हे मान्य. पुढे दत्ताच्या फरशीला कोणी गुरुवारी हार घालू लागले. हार लोंबतो म्हणून खिळा आला, खिळ्याखाली उदबत्तीसाठी फळी आली, फळीवर पितळी मूर्ती आली आणि तीन वर्षांत तिथे घंटा आणि दानपेटी असलेले छोटे मंदिर तयार झाले. ठराव कधीच झाला नाही. मग अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीत जिन्याचा तो कोपरा मोकळा करण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे आणि जिना मोकळा असणे हा त्यातला साधा भाग आहे. पण फळीला हात कोण लावणार? मंडळातील अकरा जणांपैकी एकही तयार होईना. शेवटी आम्ही गुरुजींना बोलावून मूर्ती विधिवत एका सभासदाच्या देवघरात हलवली आणि दानपेटीतले ३,१४० रुपये मोजून हिशेबात जमा केले. फरशा अजून आहेत.

कायद्याच्या दृष्टीने आमची स्थिती तुमच्याहून वेगळी आहे. संविधानाचा अनुच्छेद २५ मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो आणि तोही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था सर्वसाधारणपणे राज्यसंस्था ठरत नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी ग्राह्य धरला. उपविधी हा सभासदांनी आपापसांत केलेल्या करारासारखा असतो, ही त्यामागची धारणा. म्हणजे ज्या सहीला क्वेबेकमध्ये बहुमताने अपुरे मानले, तिलाच आमच्याकडे पुष्कळ वजन मिळाले. वाद झाल्यास आम्ही कलम ९१ प्रमाणे सहकार न्यायालयात जातो आणि तिथे विषय धर्माचा न राहता उपविधींचा होतो. त्यामुळे डोकी थोडी थंड राहतात, हा त्याचा एक फायदा मी पाहिला आहे.

श्रद्धेच्या कसोटीबाबतही फरक आहे. १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून आमची न्यायालये एखादा आचार त्या धर्माचा ‘अत्यावश्यक भाग’ आहे का, हे पाहत आली आहेत. मॉन्ट्रियलच्या निकालाने जी वाट बंद केली, त्याच वाटेने आम्ही चालतो. याला सुखद अपवादही आहे. केरळमधील तीन शाळकरी मुलांनी राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहूनही ते म्हणण्यास धर्मश्रद्धेमुळे नकार दिला, त्या १९८६ च्या बिजो इमॅन्युएल प्रकरणात न्यायालयाने श्रद्धा प्रामाणिक आहे का एवढेच पाहिले होते. अत्यावश्यकतेची कसोटी आकाशकंदिलाला लावली तर तो एका वाक्यात बाद होईल. कोणत्या पोथीत तो लिहिला आहे असे कोणी विचारले, तर कार्तिकातल्या आकाशदीपाचा दाखला देता येईल, पण पतंगाचा कागद आणि कबाबाच्या काड्या तेवढ्याने शास्त्रोक्त ठरत नाहीत. मला स्वतःला मॉन्ट्रियलची कसोटी अधिक सभ्य वाटते, कारण ती माणसाला विचारते, पुरोहिताला नाही.

आवाजाचा विषय तुमच्याकडे नाही, म्हणून एका वाक्यात: सन २००० मध्ये चेन्नईच्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, आणि तेव्हापासून गणपतीच्या दहा दिवसांत रात्री दहाला स्पीकर बंद करताना आम्ही तेच वाक्य पुढे करतो. वर्गणीचे मात्र सांगितलेच पाहिजे. आमच्याकडे गणपतीचा खर्च पूर्वी देखभाल शुल्कातून जात असे. एका सभासदाने, जो हिंदूच होता, लेखी हरकत घेतली. आम्ही वर्गणी वेगळी केली, पावतीपुस्तक वेगळे केले आणि ती ऐच्छिक ठरवली. पहिल्या वर्षी जमा कमी झाली, दुसऱ्या वर्षी आधीपेक्षा जास्त.

शिकागोची वाचक

मला वरील चर्चेत एका अमेरिकी प्रकरणाची भर घालावीशी वाटते, कारण ‘सर्वांना सारखाच नियम’ हे वाक्य किती फसवे असू शकते ते त्यातून दिसते.

शिकागोत सरोवराकाठच्या एका इमारतीत २००१ साली मार्गिकांसंबंधी नियम झाला: घराच्या दाराबाहेर पायपुसणी, बूट, ढकलगाड्या किंवा कोणत्याही प्रकारच्या वस्तू असू नयेत. नियम करणाऱ्या समितीच्या अध्यक्षा स्वतः ज्यू होत्या आणि त्यांच्या दाराच्या चौकटीवर ‘मेझुझा’ होता. ज्यू घरांच्या चौकटीवर तिरकी बसवलेली ही बोटभर लांबीची डबी असते आणि तिच्यात धर्मवचनांचे चर्मपत्र असते. नियम करताना डबीचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. २००४ मध्ये मार्गिकांची रंगरंगोटी झाली आणि त्यानंतर मंडळाने तोच नियम पुढे करून डब्या काढायला सुरुवात केली. त्याच बाईंच्या दाराची डबी पुन्हा पुन्हा निघाली आणि कुटुंबाच्या म्हणण्याप्रमाणे एकदा तर पतीच्या दफनाला सगळे गेलेले असताना. ‘ब्लॉक विरुद्ध फ्रिशोल्झ’ या नावाने हे प्रकरण चालले. आधी न्यायालयांनी संस्थेची बाजू घेतली, पण २००९ मध्ये सातव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाच्या संपूर्ण पीठाने सांगितले, की नियम दिसायला तटस्थ असला तरी तो जाणूनबुजून एका धर्माच्या लोकांविरुद्ध वापरला गेला का, हे ज्यूरीपुढे तपासता येईल.

याचा तुमच्याशी संबंध असा, की डिसेंबरातल्या माळांची सूचना जपून ठेवा. नियमाला एक अपवाद आधीच केलेला आहे आणि तो कोणत्या सणाच्या सुमारास येतो हे सर्वांना कळते. ‘आम्ही सूचनेत सणाचे नाव घेतले नाही’ हे त्याला उत्तर नाही.

जाता जाता: शिकागोतील वादानंतर काही राज्यांनी कायदेच केले. फ्लोरिडाने २००८ साली सहमालकांना दाराच्या चौकटीवर धार्मिक वस्तू लावण्याचा हक्क दिला, पण रुंदी ३ इंच, उंची ६ इंच आणि जाडी दीड इंच यांच्या आत. मापे वाचताच लक्षात येते, की कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मेझुझा होता. आमच्या दारावरचे तोरण त्यात बसवायचे तर आंब्याचे एकच पान लावावे लागेल.

टोरांटोकर

मी थोडी विरोधी बाजू मांडतो. मी आमच्या इमारतीच्या मंडळावर आहे आणि व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे.

मालमत्तेचा हक्क म्हणजे केवळ इमारत देखणी दिसावी असा हट्ट नव्हे. या चर्चेत सर्वांनी हूक सहज ओलांडला. बाल्कनीचा स्लॅब उघड्यावर असतो. त्याला ड्रिलने भोक पाडले की पाणी आत शिरते, ते गोठते, फुगते, पुन्हा वितळते आणि दहा हिवाळ्यांत काँक्रीटचे पोपडे सुटतात, आतली सळई गंजते. दुरुस्तीचा खर्च हूक लावणाऱ्याच्या एकट्याच्या नावावर पडत नाही, राखीव निधीतून, म्हणजे ४२ जणांच्या खिशातून जातो. त्यात पणत्या. वाऱ्याने त्या विझल्या म्हणून बरे. एखादी चौथ्या मजल्यावरच्या वाळलेल्या वेलीत पडली असती, तर विमा कंपनीने पहिला प्रश्न नियमाचाच विचारला असता.

आणि अॅम्सेलेम निकालात चार न्यायमूर्ती विरोधात होते, हे कोणी फारसे सांगत नाही. न्यायमूर्ती बिनी यांचे स्वतंत्र मत जरूर वाचावे. त्यांचा रोख असा, की ही सक्तीची जागा नव्हती. घर घेताना निवड करता येत होती, नियम समोर होते आणि बाकीचे शेजारी त्याच नियमांवर विसंबून तिथे राहायला आले होते. त्यांना दिलेल्या शब्दाचे काय? मला हा युक्तिवाद अजूनही बिनतोड वाटतो. हा खटला उलटा लागला असता, तर अन्याय झाला असे मी म्हटले नसते.

दस्तऐवजवाला

स्लॅबचा मुद्दा शंभर टक्के मान्य, आणि तो मी मांडायला हवा होता. उघड्या ज्योतीबद्दलही मला वाद घालायचा नाही. त्या बाबतीत मंडळाची बाजू भक्कम आहे.

न्यायमूर्ती बिनी यांच्या मताबद्दल मात्र थोडे वेगळे म्हणतो. ‘पटत नसेल तर दुसरी इमारत घ्या’ हे एका इमारतीपुरते ठीक आहे. पण आमच्या कार्यालयातून जाणाऱ्या घोषणापत्रांतील बाल्कनीचे कलम शब्दशः सारखे असते, कारण मसुदा एकच असतो आणि इमारतीगणिक फक्त पत्ता बदलतो. सर्व इमारतींत तेच कलम असेल, तर निवड कसली? उलट, मसुदा लिहिणाऱ्याने सुक्का, तुळस किंवा कंदील यांचा विचार करून ते कलम लिहिलेले नसते. त्याला वाळत घातलेल्या चादरी आणि सायकली नको असतात.

मॉन्ट्रियलकर बाई, भांडणाऐवजी आणखी एक वाट आहे. घोषणापत्राचे तीन भाग असतात: स्थापनेचा दस्त, इमारतीची नियमावली आणि घरांचे वर्णन. तुमचा नियम नियमावलीच्या भागात असेल, तर सहमालकांच्या सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताने तो बदलता येतो. स्थापनेच्या दस्तात असेल, तर बहुमत बरेच मोठे लागते. आधी तो कुठे आहे ते पाहा. आणि बदल सुचवताना ‘दिवाळीसाठी’ असा न सुचवता कोणालाही वापरता येईल असा सुचवा, म्हणजे झेंड्याच्या प्रश्नालाही त्यात उत्तर देता येईल: किती दिवस, किती वजन, छिद्र नको, ज्योत नको, कठड्याच्या बाहेर काही नको.

मॉन्ट्रियलकर

सर्वांचे मनापासून आभार. नियम कुठे आहे ते पाहिले. तो नियमावलीच्या भागातच आहे, पान ३१.

काल रात्री जेवताना तिसऱ्या प्रश्नावर घरात पुन्हा बोलणे झाले. सासूबाईंनी सांगितले, की त्यांच्या सासऱ्यांच्या पश्चात पहिल्या दिवाळीला साताऱ्याच्या घरी उंच बांबूवर कंदील चढवला होता आणि ‘त्यांना वाट दिसावी’ असे म्हणून तो चढवला होता. यजमान इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा ऐकत होते. त्यांनी आपले मत बदलले नाही, पण पत्रावर दोघांची सही राहील आणि श्रद्धेचा परिच्छेद फक्त आईचा असेल, असे ठरले. सासूबाईंनी तो मराठीत लिहिला आहे; फ्रेंच मी करत आहे आणि ‘पितर’ या शब्दापाशी अडले आहे.

पत्रात आम्ही चूकही कबूल केली आहे. पणत्या यापुढे घरातच लागतील. जुना हूक इमारतीच्या कामगारांकडून काढून भोक बुजवून घ्यावे, खर्च आम्ही देऊ, असे लिहिले आहे. कंदील वसुबारस ते भाऊबीज एवढेच दिवस, कठड्याच्या आतल्या बाजूला, पायावर उभ्या राहणाऱ्या लाकडी दांडीला टांगू आणि रात्री अकराला मालवू. नियमाच्या बदलाचा प्रस्ताव वेगळ्या कागदावर जोडला आहे आणि त्यात कोणत्याही सणाचे नाव नाही. वरच्या गृहस्थांना तो आधी दाखवला. त्यांनी ‘दहा दिवस’ खोडून ‘वर्षातून एकूण पंधरा दिवस’ असे केले, कारण त्यांच्या नातवाला हॅलोवीनला भोपळा ठेवायचा असतो आणि तोही आजवर नियमाविरुद्धच ठेवला जात होता, असे त्यांनी हसत सांगितले.

मंडळाची बैठक येत्या मंगळवारी आहे. त्यांनी ईमेलवर एकच गोष्ट आधी कळवण्यास सांगितले: वस्तूचे वजन. मुलीने कंदील स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. शेपट्यांसह ३४० ग्रॅम भरला.